डावा विचार साध्या वाचकापर्यंत नेताना: सोपं करणं आणि पातळ करणं

पानोपानी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गेली सहा वर्षं मी एका अभ्यासवर्गात जातो. दर पंधरा दिवसांनी दहा-बारा जण बसतो आणि डाव्या विचारातलं मूळ लेखन थोडं थोडं वाचतो. कारखान्यात शिलाई मशीनवर काम करणाऱ्या एक ताई आहेत, एक जण मालवाहू गाडी चालवतात, एक निवृत्त लेखनिक आहेत, दोन-तीन विद्यार्थी आहेत. जवळजवळ प्रत्येकाने पूर्वी कधीतरी मार्क्स हातात घेऊन खाली ठेवलेला. एकाने सांगितलं, पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर ‘उत्पादनसंबंधांचे द्वंद्वात्मक स्वरूप’ असे शब्द आले आणि हे आपल्यासाठी लिहिलेलं नाही अशी त्याची खात्रीच पटली. मुखपृष्ठावर ‘कामगारांसाठी’ असं छापलेलं होतं. ते ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी वरकड मूल्य समजावायची पाळी माझ्यावर आली. मी व्याख्या लिहून नेली, फळ्यावर मांडली, तासभर बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या बैठकीत विचारलं, तर शांतता. शेवटी एक जण म्हणाला, “मालकाचा नफा.” मी ते दुरुस्त करायला तोंड उघडणार, तेवढ्यात शिलाईवाल्या ताईंनी विचारलं, “दादा, मला पगार पुरता मिळतो. एक तासही कापत नाहीत. मग माझ्याकडून घेतलं कधी?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन ‘भांडवल’च्या पहिल्या खंडातलं कामाच्या दिवसावरचं प्रकरण उघडलं. मार्क्स तिथे याच प्रश्नाशी झुंजताना दिसला. तो वेठीचं उदाहरण घेतो. डॅन्यूब नदीकाठच्या संस्थानांतला शेतकरी काही दिवस स्वतःच्या शेतात राबायचा, काही दिवस जमीनदाराच्या. शेतं वेगळी, दिवस वेगळे. स्वतःसाठी किती आणि दुसऱ्यासाठी किती, हे डोळ्यांना दिसायचं. कारखान्यात दोन्ही कामं एकाच मशीनवर, एकाच पाळीत, एकमेकांत मिसळून होतात, आणि पगार मात्र सगळ्या तासांचा म्हणून हातात पडतो. मधला बांधच नांगरून टाकलेला असतो. मग ‘कधी घेतलं’ ते दिसणार कसं?

पुढच्या वेळी मी व्याख्या नेली नाही. कागदावर एक आडवी रेघ ओढली. ही रेघही त्याच प्रकरणातली. मार्क्स तीन रेघा काढतो: ७ तासांचा दिवस, ९ तासांचा आणि १२ तासांचा. तिन्हींत पहिल्या ६ तासांत कामगार आपल्या निर्वाहापुरतं मूल्य निर्माण करतो असं धरलेलं आहे. पुढचा तुकडा तेवढा वाढत जातो. मी पेन्सिल ताईंच्या हातात दिली. त्यांनी आपल्या पाळीची रेघ ओढली, मधे एक खूण केली, थोडा वेळ त्या खुणेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे खूण आहे, पण तिथे घंटा वाजत नाही.” तेव्हा मी शब्द सांगितला. खुणेच्या पुढचं ते वरकड श्रम, त्यातून येतं ते वरकड मूल्य. दोन महिन्यांनी वर्गात एक नवा मुलगा आला, त्याला हे ताईंनीच समजावलं. मी नुसता ऐकत होतो.

तेव्हापासून माझं एक मत बनलंय, ते इथे तपासून घ्यायचंय. वाचक अडतो तो बहुतेक वेळा क्रमामुळे. आधी प्रश्न पडला आणि मग शब्द आला, तर जड शब्दही पचतो. शब्द आधी आला की वाचक तो पाठ करतो, नाहीतर पुस्तक मिटतो. त्यामुळे ‘अवघड शब्द काढून टाका’ हा नेहमीचा सल्ला मला पुरेसा वाटत नाही. शब्द लागतोच. तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्न आधी वाचकाचा स्वतःचा व्हावा लागतो.

मूळ लेखकांनाही ही चिंता होती. १८४७ मध्ये मार्क्सचा सहकारी एंगल्स याने कम्युनिस्ट लीग या क्रांतिकारक संघटनेसाठी २५ प्रश्नोत्तरांचा मसुदा केला. त्याच नोव्हेंबरात त्याने मार्क्सला कळवलं की प्रश्नोत्तरांचा साचा सोडून देऊ, यात इतिहास सांगावा लागणार आहे, तो या साच्यात बसत नाही. याला जाहीरनामा म्हणू. फेब्रुवारी १८४८ मध्ये ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ निघाला. म्हणजे काय सांगायचं हे ठरल्यावरही कसं सांगायचं यावर ते दोघे खल करत होते.

आणि १८६५ चा वाडगा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (म्हणजे पहिल्या इंटरनॅशनलच्या, आजची आयएलओ नव्हे) जनरल कौन्सिलमध्ये जॉन वेस्टन नावाच्या सुताराने मांडलं की पगारवाढ मागून उपयोग नाही, किमती वाढून ती वाया जाते. त्याने दृष्टान्त दिला: वाडग्यात सूप ठरावीक असेल तर चमचे रुंद करून सूप वाढत नाही. मार्क्सने उत्तरात तोच वाडगा उचलला. कामगार ज्या वाडग्यातून खातात त्यात सगळ्या देशाच्या श्रमाचं उत्पादन भरलेलं आहे. त्यांना अडवतो तो ना वाडग्याचा आकार, ना आतलं सूप. अडवतात ते त्यांचे लहान चमचे. समोरच्याच्या हातातली वस्तू घेऊनच त्याला उत्तर द्यायचं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुम्ही कुठे अडलात, कशाने उलगडा झाला, कुणाला समजावताना काय फसलं, ते मोकळेपणाने लिहा.

रात्रपाळी

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी अडलेल्यांपैकीच एक.

रात्रपाळीला मधे दोन-दोन तास काम नसतं. तेव्हा मोबाइलवर ‘भांडवल’ वाचायला घेतलं होतं. २० वार कापड म्हणजे १ कोट, इथे अडकलो. पान उलटलं तरी कापड आणि कोट. पुन्हा उलटलं तरी तेच. तीन वेळा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी वाटलं, आपलं शिक्षण कमी पडतंय, हे आपलं काम नाही. दोन वर्षं परत हात लावला नाही. आज तुमची ती घंटेची ओळ वाचली आणि बसल्या जागी माझ्या पाळीचा हिशोब करायला लागलो.

माझा साधा प्रश्न आहे. सुरुवात कुठून करू? आणि ते कापड-कोट प्रकरण नक्की कशासाठी आहे?

पानोपानी

@रात्रपाळी, तुमचं शिक्षण कमी पडलं नाही. त्या प्रकरणाने भल्याभल्यांना अडवलंय आणि मार्क्सला ते माहीत होतं. पुस्तक सप्टेंबर १८६७ मध्ये निघालं. ३० नोव्हेंबरला त्याने आपला मित्र डॉ. कुगेलमान याला पत्रात लिहिलं की तुझ्या पत्नीला सांग, कामाचा दिवस, सहकार्य-श्रमविभागणी-यंत्रं आणि आदिसंचय (भांडवल मुळात कसं जमा झालं) ही प्रकरणं सरळ वाचता येतील. पुढे १८७२ मध्ये फ्रेंच आवृत्ती हप्त्याहप्त्याने काढायचं ठरलं, तेव्हा त्याने प्रकाशकाला पत्र लिहून आनंद कळवला, कारण हप्ते कामगारांच्या हाती पडतील. पण सुरुवातीची प्रकरणं बघून वाचक वैतागतील ही धास्तीही त्याने त्याच पत्रात बोलून दाखवली. जवळपास शंभर वर्षांनी, १९६९ मध्ये, फ्रेंच तत्त्वज्ञ अल्थुसरनेही आपल्या वाचकांना सांगितलं की पहिला भाग पहिल्या वाचनात बाजूला ठेवा.

तेव्हा कामाच्या दिवसापासून सुरू करा. इंग्रजी आवृत्तीत ते दहावं प्रकरण आहे. मग आदिसंचय. मग मागे या.

आता कापड आणि कोट. तिथे विचारलेला प्रश्न असा: दोन अगदी वेगळ्या वस्तूंच्या मधे आपण ‘बरोबर’चं चिन्ह कुठल्या आधारावर टाकतो? कापड पांघरता येतं, कोट अंगात घालता येतो. रंग, वजन, उपयोग, काहीच जुळत नाही. तरी बाजारात दोन्ही एकमेकांच्या मापाने मोजले जातात. म्हणजे दोघांत काहीतरी समान असलं पाहिजे. हे कोडं ॲरिस्टॉटललाही पडलं होतं, ५ पलंग म्हणजे १ घर असं त्याचं उदाहरण. तो तिथपर्यंत पोचला आणि थांबला. मार्क्स म्हणतो की त्याचा समाज गुलामांच्या श्रमावर उभा होता. सगळ्या माणसांचं श्रम एका मापाचं मानता येतं हे त्या समाजात बसून दिसणंच कठीण होतं. मला हा परिच्छेद फार आवडतो. एवढा बुद्धिमान माणूस कुठे थांबला आणि का थांबला, हे इतक्या आदराने सांगितलंय.

हा प्रश्न डोक्यात घेऊन परत कापड-कोटाकडे गेलात की पानं पुढे सरकतील, असा माझा अनुभव आहे.

तळटीप

चांगला धागा. मात्र एक सावधगिरीची सूचना करू इच्छितो, कारण सोपे करण्याच्या नादात या विचाराचे फार नुकसान झालेले आहे.

१९३८ मध्ये सोव्हिएत पक्षाचा संक्षिप्त इतिहास निघाला. त्यातील एका भागात द्वंद्वात्मक आणि ऐतिहासिक भौतिकवाद, म्हणजे मार्क्सवादाचे जग आणि इतिहास समजून घेण्याचे तत्त्वज्ञान, क्रमांक घालून, मुद्द्यांत बसवून दिलेला आहे. आदिम समाज, गुलामी, सरंजामशाही, भांडवलशाही, समाजवाद, अशा पाच पायऱ्या. वाचायला अतिशय सोपे. कोट्यवधी लोकांनी तेच वाचले. आता याच्याशेजारी १८८१ चे पत्र ठेवून पाहा. व्हेरा झासुलिच या रशियन क्रांतिकारक स्त्रीने मार्क्सला विचारले होते की रशियातील गावसमूहाची सामाईक जमीन भांडवलशाहीतून जाऊन नष्ट झालीच पाहिजे का. मार्क्सने उत्तराचे चार मसुदे केले. अखेर ८ मार्चला जे छोटे पत्र पाठवले त्यात स्पष्ट म्हटले की आपण वर्णिलेली अपरिहार्यता पश्चिम युरोपातील देशांपुरती आहे. ज्या माणसाला एका प्रश्नासाठी चार मसुदे करावे लागले, त्याच्या नावाने पाच पायऱ्यांची शिडी पाठ करून घेतली गेली.

दुसरे उदाहरण शब्दाचे. ‘मजुरी-श्रम आणि भांडवल’ ही मार्क्सची पुस्तिका, मूळ ब्रुसेल्समधील जर्मन कामगारांपुढे दिलेली व्याख्याने. १८४९ मध्ये वृत्तपत्रात छापली गेली. त्यात कामगार आपले ‘श्रम’ विकतो असे आहे. १८९१ मध्ये कामगारांत वाटण्यासाठी नवी आवृत्ती काढताना एंगल्सने तो शब्द ‘श्रमशक्ती’ असा बदलला आणि प्रस्तावनेत कारण दिले: हा शब्दांचा किस काढणे नव्हे, अर्थशास्त्रातील एक सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथे आहे. अवघड शब्द त्याने कामगारांसाठीच्या आवृत्तीत मुद्दाम आणला. ‘श्रम विकतो’ म्हटले तर दोनच वाटा उरतात. एक तर श्रमाची पुरी किंमत मिळाली, मग नफा कुठून आला? किंवा कमी मिळाली, मग ती फसवणूक झाली. श्रमशक्ती म्हटले की कोडे सुटते. काम करण्याची ताकद विकली जाते. ती टिकवायला जेवढे लागते तेवढी तिची किंमत. आणि ती वापरली की त्याहून अधिक मूल्य निर्माण होते. कुणी कुणाला फसवले नाही तरी वरकड निघते.

पानोपानी, तुमच्या ताईंचा प्रश्न नेमका हाच होता. पण ‘श्रमशक्ती’ हा शब्द गाळून त्याचे उत्तर देता येणार नाही, एवढेच म्हणायचे आहे.

पानोपानी

तळटीप, पूर्ण सहमत. १८९१ च्या बदलाची गोष्ट मी वर्गात कधीच सांगितली नव्हती, आता सांगणार. पाच पायऱ्यांची शिडी मीही सुरुवातीला पाठच केली होती, आणि पाठ झाली म्हणजे कळली असं दोनेक वर्षं समजत होतो.

दुभाषी

मी अनुवाद करते, यातलं थोडंफार लेखनही मराठीत आणलंय. त्यामुळे मला हा प्रश्न वाक्यावाक्याला भेटतो.

आधी शब्दांबद्दल. ‘वरकड’ हा चांगला जुना मराठी शब्द आहे, पण एक घोटाळा होतो. आपण ‘वरकड खर्च’ म्हणतो तेव्हा मनात येतो तो किरकोळ, वरचा खर्च. त्यामुळे नव्या वाचकाला वरकड मूल्य म्हणजे काहीतरी किरकोळ मूल्य वाटतं. ‘अतिरिक्त मूल्य’ लिहिलं तर जास्तीचं, नको असलेलं असा वास येतो. मी ‘वरकड’च वापरते, पण पहिल्यांदा येतो तिथे एक वाक्य खर्ची घालते. ‘परात्मता’ हा शब्द तर मला स्वतःला आवडतो, तरी तो ऐकून कुणाला अध्यात्म आठवलं तर त्यात वाचकाचा दोष नाही. ‘विरोधविकास’ हा मात्र मला ‘द्वंद्वात्मकते’पेक्षा सरस वाटतो. विरोधातून विकास, शब्दातच अर्थ सांगून टाकलाय.

पण खरी अडचण माझ्या मते नामांची नाही, क्रियापदं हरवल्याची आहे. आपल्या डाव्या लेखनात वाक्यं अशी असतात: ‘श्रमाचे वस्तूकरण होऊन श्रमिकाचे शोषण केले जाते.’ कोण करतं? कुणाचं? केव्हा? या वाक्यात माणूसच नाही. जो विचार ‘हे आपोआप होत नाही, माणसांच्या संबंधांतून होतं’ असं सांगतो, तोच आपण अशा वाक्यात लिहितो की जणू पाऊस पडतोय.

परात्मतेचंच घ्या. १८४४ च्या हस्तलिखितांत तिचे चार पदर आहेत (ती हस्तलिखितं छापली गेली १९३२ मध्ये, तोवर बहुतेकांनी पाहिलीही नव्हती). पाठ्यपुस्तकी पद्धतीने लिहिलं तर: उत्पादनापासून परात्मता, उत्पादनक्रियेपासून परात्मता, मानवी सत्त्वापासून परात्मता, इतर मानवांपासून परात्मता. चार वेळा तोच शब्द, हाती काही नाही. मी एका कार्यशाळेसाठी ते असं केलं होतं:

‘मी दिवसभर जे बनवतो ते माझं नसतं, ते माझ्यासमोरून निघून जातं आणि माझ्याहून मोठं होऊन परत येतं. ते कसं बनवायचं, किती वेगाने, हे मी ठरवत नाही. कामावर असताना मी माझा नसतो आणि कामावरून सुटल्यावरच मला मी सापडतो. विचार करून, मनासारखं काही घडवणं ही माणसाची खरी ओळख, पण माझ्यासाठी ते फक्त पोट भरायचं साधन झालंय. आणि शेजारी उभा असलेला माणूस मला सोबती वाटायच्या ऐवजी माझी जागा घेऊ शकणारा वाटतो.’

हे वाचून झाल्यावर खाली एकच ओळ: याला मार्क्स परात्मता म्हणतो. लांबी वाढली, हे खरं. सोपं म्हणजे छोटं, हा समज आपण सगळ्यांनीच सोडायला हवा.

रात्रपाळी

दुभाषीताई, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. जागा घेऊ शकणारा. हे कुणी लिहून ठेवलंय हेच मला माहीत नव्हतं.

उलटतपासणी

मी डावा नाही, तरी धागा आवडला. म्हणून माझी हरकत नीट मांडतो.

तुम्ही सगळे ‘कसं समजवायचं’ यावर बोलताय. पण ‘हे बरोबर आहे का’ हा प्रश्न वाचकाला कधी भेटतो? मूल्य श्रमातून येतं हे आजच्या बहुतेक अर्थशास्त्रज्ञांना मान्य नाही. १८७० च्या दशकापासूनच जेव्हन्स, मेंगर आणि वालरास यांनी वस्तूच्या किमतीचं वेगळं स्पष्टीकरण दिलं, सीमान्त उपयोगितेचं: वस्तूचा आणखी एक नग आपल्याला किती उपयोगी वाटतो, त्यावर किंमत ठरते. १८९६ मध्ये ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ ब्योम-बावेर्कने ‘भांडवल’च्या पहिल्या आणि तिसऱ्या खंडात विसंगती दाखवली. तुमच्या रेघेवर ताईंनी खूण केली. ती खूण नेमकी तिथेच का, हे त्यांना कुणी सांगितलं? सोप्या मांडणीची हीच भीती असते. चित्र इतकं लख्ख असतं की शंका घ्यावीशी वाटत नाही.

पानोपानी

उलटतपासणी, हरकत अगदी योग्य जागी आहे आणि मी ती टाळणार नाही. ताईंनी केलेली खूण अंदाजाची होती. ती जागा मोजून काढायला किमती, पगार, कच्चा माल, यंत्रांची झीज असं बरंच लागतं, आणि तरीही मोजमापावर वाद आहेत. त्या दिवशी मी हे सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

आता आम्ही असं करतो. एका बैठकीत फक्त ‘लेखक काय म्हणतो’. त्या दिवशी खंडन नाही, समर्थनही नाही. प्रत्येकाने लेखकाचं म्हणणं असं सांगायचं की लेखक स्वतः मान हलवेल. पुढच्या बैठकीत ‘हे पटतं का’. त्या वेळी तुम्ही म्हणता त्या सगळ्या आक्षेपांना पुरता वेळ. दोन्ही एकाच दिवशी केलं की गोंधळ होतो, आणि दुसरी बैठक गाळली तर तो अभ्यासवर्ग राहत नाही.

वाद डाव्यांच्या आतही आहेत, हे कळलं की नवखा वाचक उलट मोकळा होतो, हे मी पाहिलंय. अर्थशास्त्रज्ञ जॉन रोमर यांनी १९८२ मध्ये शोषणाचा सिद्धान्त श्रममूल्याचा आधार न घेता मांडला: साधनांची मालकी विषम असली की शोषण निघतं, मूल्य कशाचं बनतं यावर अडून बसायची गरज नाही. आमच्या निवृत्त लेखनिकांना हा मार्ग जास्त पटतो. तत्त्वज्ञ जी. ए. कोहेन यांचं २००९ चं छोटं पुस्तक एका सहलीपासून सुरू होतं: मित्र तंबू ठोकून राहताना भांडीकुंडी, काम, मासेमारीचं कौशल्य यांचा बाजार मांडत नाहीत, मग समाजात का मांडतो? सहल कुणालाही कळते. आणि पुस्तकाच्या शेवटाकडे कोहेन स्वतः कबूल करतात की हे एवढ्या मोठ्या समाजात चालवायची यंत्रणा कशी उभारायची ते आपल्याला अजून ठाऊक नाही. माझ्या दृष्टीने त्या पुस्तकाचं सोपेपण त्या कबुलीत आहे. वाचकाला शंकेसकट विश्वासात घेतलंय.

उलटतपासणी

दोन बैठकांची पद्धत पटली. दुसऱ्या बैठकीला मला कुणी बोलावलं तर येईन.

शिकवणी

मी प्रौढ साक्षरतेचं काम केलंय, त्या बाजूने थोडं.

शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी १९६३ मध्ये ब्राझीलच्या ईशान्येला आंजिकोस इथे सुमारे ३०० मजुरांना ४० तासांच्या आसपास लिहायला-वाचायला शिकवलं. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली, ते काम बंद पडलं आणि फ्रेइरेंना आधी तुरुंग आणि मग देश सोडून जाणं नशिबी आलं. त्यांच्या वर्गात बाराखडी पहिली येत नसे. आधी लोकांत राहून त्यांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे, त्यांतले भारलेले शब्द निवडायचे. वीट हा असाच एक शब्द. विटेचं चित्र दाखवून आधी गप्पा: कोण विटा रचतं, कोणाचं घर उभं राहतं, रचणाऱ्याचं घर कशाचं असतं. मग तो शब्द लिहायचा, त्याची अक्षरं सुटी करायची, त्यांतून नवे शब्द बनवायचे.

पानोपानींचं ‘आधी प्रश्न मग शब्द’ मला तिथलंच वाटलं. फक्त एक भर घालते. प्रश्नही आपण घरून नेऊ नये. तुमच्या ताईंनी विचारला तसा तो समोरून येईपर्यंत थांबता आलं पाहिजे, आणि ते सगळ्यात अवघड आहे.

रेघोट्या

चित्रांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. १९२५ मध्ये व्हिएन्नात ओटो नॉइराट यांनी समाज आणि अर्थव्यवस्थेचं संग्रहालय सुरू केलं, सामान्य माणसाला आकडे वाचता यावेत म्हणून. त्यांचा एक नियम मी रोज पाळते: संख्या मोठी असेल तर चित्र मोठं काढायचं नाही, तेच चित्र जास्त वेळा काढायचं. मोठा माणूस काढला तर तो किती मोठा हे डोळ्यांना कळत नाही. दहा माणसं काढली तर मोजता येतात.

त्यांच्याकडे मारी राइडमाइस्टर यांचं काम वेगळंच होतं. एका बाजूला तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला चित्रकार, आणि या मधे बसून नेमकं काय दाखवायचं, काय गाळायचं ते ठरवायच्या. आपल्याकडे लिहिणारे आहेत, रेखाटणारे आहेत. हे मधलं काम कुणाचं म्हणून ओळखलंच जात नाही. ताईंची ती रेघ कुणी पाठवली तर मी तिचं भित्तिपत्रक करून देईन.

पानोपानी

रेघोट्या, ताईंना विचारून नक्की पाठवतो.

शिकवणी, तुमचा मुद्दा मनाला लागला. त्यावरून इटलीतला कम्युनिस्ट विचारवंत ग्राम्शी आठवला. १९२६ मध्ये अटक, पुढे २० वर्षांची शिक्षा, आणि तुरुंगात भरलेल्या ३३ वह्या. त्याचं लेखन अवघड म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते आहेच. तुटक टिपणं, वर तुरुंगातल्या तपासनिसाची नजर, मार्क्सवादालाही तो ‘कृतीचं तत्त्वज्ञान’ म्हणतो. पण त्यातला एक विचार समजावून सांगणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. तो म्हणतो की प्रत्येक माणूस तत्त्वज्ञ असतो. प्रत्येकाच्या डोक्यात जगाबद्दलची एक समज आधीच असते. भाषेतून, म्हणींतून, श्रद्धांतून गोळा झालेली, विस्कळीत, अनेक काळांचे थर एकावर एक साचलेले. तिच्यात चुकीचं पुष्कळ असतं आणि शहाणपणाचा गाभाही असतो.

हे आमच्या वर्गात एकदा अक्षरशः घडलं. गाडी चालवणारे काका म्हणाले, “कष्ट केले की माणूस वर येतो, हे वर्गबिर्ग मला पटत नाही.” एका विद्यार्थ्याने झटकन सांगितलं की ही तुमच्यावर लादलेली विचारसरणी आहे. काका गप्प झाले आणि पुढच्या दोन बैठकांना आले नाहीत. मी घरी जाऊन भेटलो. तेव्हा कळलं की त्या वाक्यामागे त्यांची तीस वर्षं आहेत. मुलीला शिकवलं, कर्ज फेडलं, कुणापुढे हात पसरला नाही. ते वाक्य खोडणं म्हणजे ती तीस वर्षं खोडणं. मी एवढंच विचारलं, “तुमच्याइतकेच कष्ट करून वर न आलेले किती जण आठवतात?” त्यांनी नावं मोजायला सुरुवात केली आणि बराच वेळ मोजत राहिले.

ते परत आले. वाक्य त्यांनी सोडलेलं नाही, अजूनही म्हणतात. त्याच्यापुढे आता ‘पण’ म्हणून काही जोडतात.

धुरीणत्व हा शब्द मी त्यानंतरच्या बैठकीत पहिल्यांदा उच्चारला. सत्ता नुसत्या दंडुक्याने टिकत नाही, लोकांच्या रोजच्या शहाणपणात ती घर करून बसते, हे सांगायला मला तेव्हा उदाहरण शोधावं लागलं नाही.

तळटीप

काकांची गोष्ट वाचून माझी स्वतःची एक सवय लक्षात आली. मी लगेच दुरुस्त करायला धावतो. या धाग्यातही तेच केले असावे.

रात्रपाळी

चार दिवसांनी येतोय. कामाचा दिवस अर्ध्याच्या पुढे वाचून झाला. मुलांच्या कामाच्या तासांबद्दल कारखाना निरीक्षकांचे अहवाल आहेत, तिथे दोनदा मोबाइल खाली ठेवावा लागला.

माझ्यासोबत पाळीला एक जण असतो, त्याला वाचायचा कंटाळा आहे. त्याच्यासाठी मी लिहून पाहिलं. बघा बरोबर आहे का:

‘आपण रात्री दहाला येतो, सकाळी सहाला सुटतो. आठ तास. या आठ तासांत आपण आपले श्रम विकतो आणि त्याचा पगार मिळतो. आता समज, रात्री दोनपर्यंत आपण जेवढं काम केलं त्यातूनच आपला पगार निघाला. तर मग दोन ते सहा आपण कुणासाठी जागतो? दोन वाजता घंटा वाजत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. दोन ही वेळ मी अंदाजाने घेतलीय, ती आधी-नंतर असू शकते, त्यावर मोठमोठ्या लोकांचे वाद आहेत. पण ती वेळ रात्रीत कुठेतरी आहे का, हे तू मला सांग.’

त्याने वाचलं आणि विचारलं, “मग पहाटेचे चार तास आपल्याला फसवतात का?” मला उत्तर सुचलं नाही.

तळटीप

फार चांगले लिहिले आहे. एकच शब्द बदला. ‘आपले श्रम विकतो’ ऐवजी ‘आपली काम करण्याची ताकद आठ तासांसाठी विकतो’. तुमच्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर त्या बदलातच आहे. त्याला तो बदल दाखवा आणि काय म्हणतो ते इथे लिहा. मी या वेळी आधी काही सांगणार नाही.

रात्रपाळी

बदलला. आज रात्री दाखवतो.